पांढऱ्या कानाचं कोकरू

भूत, आत्मा, पुनर्जन्म... माझा कशावरच विश्वास नाही, आणि गावाचा माझ्यावर नाही. येडगावात कुणालाही विचारा. धरणातला मासा मी ट्रॅक्टरला बांधून ओढून काढला, बिबट्या मला बघून आधी लाजला अन् मग पळाला — असल्या थापांवर माझं अर्धं आयुष्य गेलंय. तेव्हा पुढचं खोटं वाटलं तर राग नाही.

मागच्या हिवाळ्यात दादांना, म्हणजे वडलांना, मंचरला ॲडमिट केलं. फुप्फुसं पार गेली होती. घरी तीस मेंढरं. (एरवी मी तीनशे सांगतो.) मी दवाखान्यात, मग राखायची कुणी? शेवटी टेम्पोत भरली आणि बेल्ह्याच्या बाजारात जुन्नरच्या शौकतभाईंना सगळीच्या सगळी देऊन टाकली. दादांना बोललो नाही.

दादा रोज एकच विचारायचे, मेंढरं पाण्यावर गेली का? मी म्हणायचो, गेली. पण थापाड्याला तेवढ्यावर थांबवतंय होय! एका संध्याकाळी सांगितलं, आपली चंद्री व्याली. कोकरू सगळं काळं, डावा कान तेवढा पांढरा. ती गाभण आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, तोंडाला आलं ते बोललो.

दादांनी मास्क बाजूला केला. "सखा म्हण त्याला," म्हणाले. "अन् त्याला तरी बेल्ह्याला नेऊ नको."

बेल्ह्याचं नाव मी त्या खोलीत कधी काढलं नव्हतं. मी घाईघाईनं त्यांचा मास्क परत लावला.

सकाळी चहा घेऊन आलो, तर दादा गेले होते.

दहावा झाल्यावर शौकतभाईंकडं गेलो. एखादं तरी मेंढरू परत मिळतंय का बघावं म्हणून. बाकीची पुढं विकली गेली होती, पण चंद्री गाभण म्हणून त्यांनी ठेवली होती. तिच्या पोटाशी कोकरू. काळंकुट्ट... आणि डावा कान पांढरा. शौकतभाईंनी दिवस सांगितला, व्याली ती त्याच संध्याकाळी. मी हळूच "सखा" म्हणालो. त्यानं आचळ सोडून माझ्याकडं बघितलं. शपथ घेतली असती, पण माझ्या शपथेला विचारतो कोण?

दोघांना घरी आणलं. माझे दाजी घोडेगावला विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, "पावणं, त्या कळपात पांढऱ्या कानाची आधी निपजलीच असतील, तेच तुमच्या डोक्यात बसलेलं. बेल्ह्याचं कुणीतरी भेटायला येऊन बोललं असंल. बाकी योगायोग." आईनं कोकराच्या कानावरनं हात फिरवला. "अर्धा जीव सांजच्यालाच निघाला व्हता," म्हणाली, "उरलेला सकाळी गेला."

दोघांचंही पटलं. दोघांचंही पुरलं नाही.

शौकतभाईंना मी जुन्नरलाच सगळं सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी मात्र मला विचारलं होतं, "कोकरू कुठनं आलं ते देवाला म्हायती, भाऊ. तू थापा मारत व्हतास तवा दादांच्या डोळ्यांत काय व्हतं, ते सांग."

मी बघितलंच नव्हतं, राव. सलाइनच्या थेंबांकडं बघत बोलत होतो.

कोकराचं कोडं नाही सुटलं तरी चालेल. पण दादांना सगळं माहीत असूनही ते रोज पाण्याचं का विचारत होते? याचं उत्तर ना दाजींकडं, ना आईकडं.

आता रोज सांजच्याला चंद्रीला अन् सखाला मी स्वतः धरणावर नेतो. आल्यावर दादांच्या रिकाम्या खाटेपाशी उभा राहून सांगतो, गेली होती पाण्यावर.

तेवढं एक मात्र खरं असतं.