गाडो-गाडोसाठी दाही दिशा

तमाम मराठीजनांना कळवण्यास अत्यंत दुःख होते, की अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आणि त्याच्या पंचक्रोशीत गाडो-गाडो मिळत नाही.

गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा दाट रस्सा ओतलेला इंडोनेशियन पदार्थ. नोकरीपायी आम्ही पाच वर्षं जकार्तात होतो, तेव्हा बायको तो कोपऱ्यावरच्या गाडीवरून रोज आणायची. आता इथे मिशिगनमध्ये मोठ्या आजारपणानंतर तिची अन्नावरची वासनाच उडाली. मऊ भात, पेज, काहीही घशाखाली उतरेना. महिन्याभरात तिने तोंडाने मागितलं ते फक्त हेच.

मी चार रविवार गाडी पिदडली. थाई हॉटेलात गोडमिट्ट चटणी मिळाली. व्हिएतनामी दुकानातल्या काकूंनी कीव येऊन नूडल्स दिल्या. इंटरनेटवर सापडलेल्या एकमेव इंडोनेशियन हॉटेलच्या जागी दातांचा दवाखाना निघाला. त्याच्या दारात मी गाडी बंद करून नुसताच बसून राहिलो.

शेवटी मीच पदर खोचला. कोबी-बटाटे उकडले, दाणे भाजून कूट केलं. पण हात पडला मराठी! त्याने सवयीने तुपात जिरं टाकलं, हिरवी मिरची टाकली, वर दोन आमसुलंही सोडली.

मोठ्या थाटात मी ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने पहिला घास घेऊन डोळे मिटले. मग चमचा हळूच खाली ठेवला गेला आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, आज एकादशी आहे का?"