एका बोर्डात गेलेला आठवडा

आमचे बोर्डसर दहावीच्या पोरांनाही 'अहो' म्हणत. घरी आई 'कार्टे, ऊठ' म्हणून उठवायची, आणि सदाशिव पेठेतल्या आपल्या घरगुती क्लासात हे गृहस्थ विचारत, "अहो, काल आपण का आला नाहीत?" थाप मारायची सोयच नव्हती.

बोर्डसर हे नाव पडलं एका शब्दावरून. इंग्रजीच्या धड्यात 'बोर्ड' आला, सर त्यात शिरले ते आठवडाभर बाहेर आलेच नाहीत. बोर्ड म्हणजे मुळात साधी लाकडाची फळी. फळीचं झालं टेबल. टेबलावर जेवण आलं, म्हणून बोर्डिंग. त्याच टेबलाभोवती चार शहाणे बसले, तर त्यांचंही बोर्ड! जहाजाच्या कडेलाही जुन्या इंग्रजीत हाच शब्द, म्हणून माणूस 'ऑन बोर्ड' जातो. "अहो, आपली परीक्षा घेणारं बोर्डसुद्धा मुळात फळीच. फळीला काय घाबरायचं?" असं म्हणून स्वतःच हसायचे. आम्हाला कोण आनंद व्हायचा.

पोर्शन मात्र जागचा हलेना. पालक कुरकुरायला लागले, मुलं एकेक करून कोथरूडच्या क्लासला जायला लागली. सर रोज ठरवायचे, आज फक्त धडा. घड्याळ काढून समोर ठेवायचे. पण कोणी एखाद्या शब्दाबद्दल विचारलं की संपलंच. बिचाऱ्यांचा इलाजच चालत नसे.

गणपतीत काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून हातावर वड्या ठेवल्या. म्हणाल्या, "त्यांना काही विचारू नका गं. आणखी मुलं गेली तर क्लास बंद पडेल. मग हे घरात बसून काय करतील? आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका." आम्ही कबूल केलं.

आम्ही गप्प बसायला लागलो. जीभ शिवशिवायची, पण गप्प. दिवाळीच्या आत पोर्शन संपला, पालक खूश झाले, नवी मुलंसुद्धा आली. सर मात्र वाचता वाचता थांबायचे, आमच्या तोंडांकडे बघत राहायचे आणि मग पान उलटायचे.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांनी सांगितलं की क्लास बंद करतोय. आम्ही हबकलोच. आता कुठे बरं चाललं होतं!

सर म्हणाले, "अहो, इतक्या दिवसांत आपल्यापैकी कोणालाच काही विचारावंसं वाटलं नाही. म्हणजे मला आता शिकवता येत नाही. उगाच आपला वेळ कशाला घेऊ?"

काकू दारातच उभ्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

आम्ही सरांना नमस्कार केला आणि जिना उतरलो.