सासूबाई कुठवर जाऊन भांडल्या?

मिरजेच्या एका दवाखान्यात मी संख्याशास्त्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा हा प्राणी नेमकं काय करतो हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मोठे डॉक्टर मला ‘आकडेवाल्या बाई’ म्हणायचे. सत्तरच्या दशकात आकडेवाली म्हटलं की लोकांना मटका आठवायचा, याची त्या भल्या माणसाला कल्पनाच नव्हती. रिक्षावाले मात्र माझ्याकडं फार आदरानं बघायचे.

गुडघेदुखीवरच्या एका नव्या गोळीची चाचणी करायची होती. त्यासाठी कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या निवडल्या. चिठ्ठ्या टाकून निम्म्या जणींना लाल झाकणाची बाटली दिली, निम्म्या जणींना हिरव्या झाकणाची. एकीत खरी गोळी, दुसरीत दिसायला तशीच, पण नुसत्या पिठाची. कुठल्या झाकणाखाली काय आहे, ते डॉक्टरांच्या कपाटात बंद पाकिटात होतं. मलाही माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी जाऊन कुणाला किती फरक पडला ते विचारायचं, एवढंच माझं काम.

एसटीनं गेले, विचारलं. लाल झाकण, लय फरक. हिरवं झाकण, लय फरक. एका आजींनी तर बाटली न उघडताच हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली होती. त्यांनाही लय फरक.

“आजी, गोळी न खाताच फरक कसा पडला?”

“आगं, एवढ्या उनाची तू मिरजंस्नं आलीस. तुझ्या तोंडावर न्हाई कसं म्हनू? च्या घे आदी.”

दारी आलेल्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा तिथला रिवाज. मी फरक मागायला आले होते, तर त्यांनी तो भरभरून माझ्या पदरात घातला. त्यांचाच चहा पीत मी मनातल्या मनात सगळ्या गावाला शिव्या घातल्या.

डॉक्टर म्हणाले, “दोन्ही बाटल्यांचा गुण सारखाच? म्हणजे गोळी कुचकामी. महिनाअखेर चाचणी बंद. आणि मग आकडेवाल्या बाईंचं तरी इथं काय काम?” मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. गोळी चांगली असली तरी त्या म्हाताऱ्यांच्या भिडेपायी ती वाया जाणार होती, आणि सुक्याबरोबर ओलं जळतं तशी माझी नोकरीही.

पुन्हा गेले. पहिल्याच घरात आजी “लय फरक” म्हणत असताना मागच्या दारी भांडी घासणाऱ्या सुनेनं नाक मुरडलं. मी उठून थेट तिच्याकडं गेले.

“का गं, काहीच फरक नाही?”

तिनं आधी आत डोकावून पाहिलं. “हाय की वो! आदी उंबऱ्यातनंच भांडायच्या. आता पार आडापतोर येत्यात. काल तर मारुतीच्या देवळापतोर माज्या मागनं आल्या!”

मी तिथंच मोरीच्या कडेला बसकण मारली. सून भिडेपोटी सासूचं कौतुक करील, असं होणं नाही. एवढी खात्रीची साक्ष मला कुठल्याही पुस्तकानं शिकवली नव्हती.

मग घरोघरी मी सुनांनाच गाठलं. प्रश्न एकच: सासूबाई आधी कुठवर जाऊन भांडायच्या आणि आता कुठवर जातात? प्रत्येकीला आपलीच सासू सर्वांत जहाल वाटे, म्हणून शेजारच्या सुनेकडून खात्री करून घ्यायची. शेजारच्या सुना अगदी तत्पर. एकीची सासू तर सुनेचं गाऱ्हाणं घेऊन शेजारच्या गावी, लेकीकडं चालत जाऊन चालत परत आली होती!

“भांडण मोजून आलात? हे काय शास्त्र आहे?” डॉक्टर कडाडले.

“पाकीट फोडा,” मी म्हटलं. लाल झाकणाच्या सासवा बहुतेक आडाच्या पुढं गेल्या होत्या. हिरव्या झाकणाच्या उंबऱ्यातच होत्या.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. लाल झाकणात खरी गोळी होती. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्यांच्या शोधनिबंधात भांडण गेलं आणि ‘घरातील व्यक्तीने सांगितलेले चालण्याचे अंतर’ आलं. पुढं आमच्या प्रत्येक चाचणीत घरच्यांना विचारायचा नियम झाला. शास्त्रातली माझी भर म्हणायची तर एवढीच, आणि तिचा मला अजूनही भयंकर अभिमान आहे.

आता पिठाच्या गोळ्या खाल्लेल्या म्हाताऱ्यांनाही खरं औषध मिळायला हवं, असा हट्ट मी धरला. डॉक्टरांनी तो मानला. बाटल्यांची पिशवी घेऊन मी ऐटीत गावात उतरले. थांब्यावर हिरव्या झाकणाच्या सगळ्या सुना माझी वाट बघत उभ्या होत्या. मला वाटलं, सत्कारच आहे.

त्यातली एक पुढं आली आणि तिनं हात जोडले. “आवं बाई, आमी तुमास्नी समदं खरं सांगितलं. मग आमचं काय चुकलं वो?”