ताडाखालचा दहावा

दादांच्या दहाव्याला कावळा का शिवत नव्हता, हे नदीकाठी जमलेल्या साठ-सत्तर माणसांत फक्त मला ठाऊक होतं. आणि ठाऊक असलेली गोष्ट पोटात ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली, पण त्या सकाळी मी तोंड उघडलं त्याचं ओझं काही उतरलेलं नाही. जे बोललो ते खोटं असतं तर निदान माफी मागता आली असती. ते अगदी खरं होतं.

आमचं गाव कयाधूच्या काठी आहे. दहाव्याचे विधी होतात तिथे दगडी पायऱ्या आहेत, पायऱ्यांच्या वर दोन ताड, आणि नदीवरून पलीकडच्या शेतांतल्या मोटारींकडे गेलेल्या विजेच्या तारा. त्या तारांवर एका जातीची पाखरं बसतात. पुस्तकात त्यांना रानपाकोळी म्हणतात. चिमणीपेक्षा जरा मोठी, राखेच्या रंगाची, चोच निळसर. गावात कुणी त्यांना नाव द्यायच्या भानगडीत पडलं नाही. काळं नाही, बोलत नाही, धान्य खात नाही, मग कशाला कोण बघतो.

मी बघायचो. हिंगोलीला शाळेत शिकवतो, उन्हाळ्याच्या सुटीत गावी यायचो आणि सकाळी पायऱ्यांवर जाऊन बसायचो. बाकीची पाखरं तारेवर आपापलं अंतर ठेवून बसतात. ह्या बसतात अंगाला अंग लावून. एवढी लांबलचक तार मोकळी पडलेली, आणि ह्या सहा-सातजणी हातभर जागेत. एखादी उडते, पंख न हलवता हवेत मोठी चक्कर मारते, किडा पकडून उडता उडताच खाते आणि परत येऊन आपल्याच फटीत घुसते. बाकीच्या सरकून जागा देतात. मग एकमेकींच्या मानेची पिसं साफ करणं चालू. ताडाच्या झावळ्या खोडाला जिथे फुटतात त्या बेचक्यात त्यांचं घरटं असतं, आणि पिलांना भरवायला आईबापच येतात असं नाही, तारेवरच्या इतरही येतात. हे मी स्वतः पाहिलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

दादा महादेवाची पूजा आटोपून ओल्या धोतरानं वर येताना माझ्यापाशी थांबायचे. "मास्तर, पोरं मोजून कटाळले काय? आता पाखरं मोजून राहिले," असं म्हणायचे आणि हसायचे. दादा तसे हसरे होते. देवळाची पूजा आमच्या घरात, त्यामुळे गावात शब्दाला मान होता. आणि दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही ही त्यांची खोड होती, म्हणजे गुणच म्हणायचा, जोवर शब्द चांगला होता तोवर.

वाईट शब्द त्यांनी एकदाच दिला. आम्ही तीन भावंडं. थोरला भाऊ, मधली अक्का आणि मी. अक्का दवाखान्यात नर्स झाली आणि तिथल्याच एकाशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर. दादा ओट्यावर उभे राहून म्हणाले, "ती आमाला मेली." त्यानंतर नऊ वर्षं अक्कानं आमचा उंबरा ओलांडला नाही. आई तिच्याशी चोरून फोनवर बोलायची. दादांनी तिचं नाव कधी घेतलं नाही, म्हणजे निदान माझ्या कानांनी ऐकलं नाही. भाऊ गावीच राहून शेती आणि देऊळ बघायचा. तो दादांचा शब्द पाळत राहिला.

दादा गेले तेव्हा अक्काला मी कळवलं. ती आली, पण गावच्या शिवेपर्यंतच. नदीकडून धूर दिसला तिथूनच ती परत फिरली. दहाव्याला मात्र ती काठावर आली, एकटी. बायका पायऱ्यांच्या एका बाजूला आईभोवती बसल्या होत्या. अक्का त्यांच्यात बसली नाही, लांब एका बाभळीखाली उभी राहिली. तिला कुणी हाकललं नाही आणि कुणी ये म्हटलं नाही. ती कशासाठी आली होती हे सगळ्यांना कळत होतं. आता दादा नव्हते. भावानं चारचौघांत एकदा म्हटलं असतं, की अक्काला घर मोकळं आहे, तर ते घर मोकळं झालं असतं. आणि तसं म्हणायचा दिवस आमच्याकडे हाच असतो.

आमच्याकडची रीत अशी, की पिंड दगडावर ठेवायचा, सगळ्यांनी मागे सरायचं आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला तर गेलेला माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं काही मागं राहिलंय. मग घरच्यांनी हात जोडून मोठ्यानं सांगायचं, की तुमचं हे आम्ही करू, ते करू. खरी इच्छा बोलली गेली की कावळा शिवतो.

कावळे होते. पलीकडच्या लिंबावर चांगले दहा-बारा बसले होते. एक उडाला, पिंडाकडे आला, आणि तारेवरून सगळ्या रानपाकोळ्या एकदम सुटल्या. त्या वर्षी त्यांनी घरटं नेमकं पायऱ्यांवरच्या ताडात केलं होतं आणि आत पिलं होती. पिलं असली की ह्या पाखरांना कुणाचं भय राहत नाही. कावळा काय, घारीच्याही पाठीवर चोच मारतात. चक् चक् असं कर्कश ओरडत एकीमागून एक त्याच्या डोक्यावर उतरल्या आणि त्याला पार नदीपल्याड घालवून परत येऊन चिकटून बसल्या.

कुणी वर पाहिलं नाही. सगळे पिंडाकडे बघत होते.

भाऊ आणि मी, दोघांची डोकी भादरलेली, हात जोडून उभे होतो. भाऊ म्हणाला, "दादा, आईला अंतर देणार न्हाई." कावळा उडाला, पाखरांनी हुसकला. "महादेवाची पूजा चुकणार न्हाई." पुन्हा तेच. "धाकट्याच्या वाटणीला हात लावणार न्हाई." पुन्हा तेच. ऊन चढत गेलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववू का विचारलं, तर काका उखडले, "जित्ते कावळे आसताना गवताचा काहून?" काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, स्पष्ट बोलणारे. थोडा वेळ गेला आणि तेच म्हणाले, "कोनाला तरी भेटायचं राहून गेलं आसंल दादाचं."

सगळ्यांच्या माना बाभळीकडे वळल्या. आईनं पदर तोंडाला लावला. हे मला नंतर काकांनी सांगितलं, कारण मी तेव्हा वर बघत होतो. सातवा की आठवा कावळा येत होता, आणि माझ्या जिभेला तासाभरापासून खाज सुटली होती. लोक माझ्या बापाचा जीव अडकलाय म्हणत होते आणि कारण डोक्यावर तारेवर बसलं होतं. मला राग आला होता. थोडा लोकांच्या भाबडेपणाचा, आणि खरं सांगायचं तर थोडा याचाही, की इतकी वर्षं पाहिलेलं मला कुणी विचारत नव्हतं.

भावानं दगडाकडे एक पाऊल टाकलं. "दादा," तो म्हणाला, "अक्काला..."

"थांबा," मी मोठ्यानं म्हणालो. "कावळ्याचा दोष न्हाई. वर बघा, ताडात पिलं हायेत. ही पाखरं कावळ्याला खाली उतरू देऊन न्हाई राहिली. पिंड लांब न्या, आत्ता शिवतो."

सगळ्यांनी वर पाहिलं. त्याच वेळी पाखरांनी त्या कावळ्याला सगळ्यांच्या देखत पळवून लावलं. माणसं हसली, मोकळी झाली. "मास्तर, आधी काहून न्हाई सांगितलं?" भटजी म्हणाले. पोरांनी कडेचा सपाट दगड उचलला, पत्रावळ उचलली, आणि नदीच्या वळणापाशी, दोनेकशे पावलांवर, सगळं पुन्हा मांडलं. आम्ही मागे सरेपर्यंतही थांबावं लागलं नाही. एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि भाताचं शीत घेऊन गेला.

"शिवला!" सगळे एकदम म्हणाले. मीसुद्धा म्हणालो. मला बरं वाटलं होतं, हेही इथे सांगायलाच हवं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या वेळी हौसेनं हाकत होतो.

आंघोळी उरकून गावाकडे परत निघालो तेव्हा भाऊ माझ्याशेजारी चालत होता. मी विचारलं, "भाऊ, तू अक्काचं काय म्हनत होतास?"

"म्हनत होतो की तिला घर मोकळं हाय."

माझे पाय जागीच थांबले. "मंग म्हन की! अजून सगळे रस्त्यातच हायेत."

तो थांबला नाही. "आता म्हनलं तं ते मी म्हनलं आसं हुईल. दादाचा शब्द मी कोन मोडणार? मला तं दादाच्या नावानं म्हनायचं होतं. आता कावळा शिवला. त्यांचं काही राह्यलं न्हाई."

माझा भाऊ वाईट माणूस नाही. नऊ वर्षं त्यालाही ती गोष्ट टोचत होती. वाकायला त्याला दादांची परवानगी हवी होती, आणि ती तासाभराच्या उन्हात, कावळ्यांच्या रूपानं, त्याच्यापर्यंत येऊन पोचली होती. ती मी खोडून काढली. शास्त्रशुद्ध.

मी मागे फिरलो. बाभळीखाली कुणी नव्हतं. फाट्यावर, जिथे हिंगोलीकडच्या रिक्षा थांबतात, तिथे अक्का उभी होती. लहानपणी मला तिनंच कडेवर वागवलं, पाढे तिनंच शिकवले. तिच्यासमोर उभा राहिलो आणि पुन्हा पाखरांचंच सांगायला लागलो. घरटं, पिलं, कावळे, सगळं. म्हणालो, "दादाच्या मनाचा अन् कावळ्याचा काही संबंध न्हाई, अक्का. तुला तं कळतं. पयल्या जागी पाखरांनी येऊ दिलं न्हाई, दुसऱ्या जागी पाखरं न्हवती. एवढंच हाय ते."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मी शाळेतला धडा म्हणून दाखवताना ऐकायची तसंच.

"भाऊ बोलनार होता," ती म्हणाली. "मी त्याच्या तोंडाकडं बघून राह्यले होते."

"व्हय. माझं चुकलं."

"तुझं न्हाई चुकलं. पाखरांचं तू बराबरच सांगितलं आसशील." रिक्षा आली. तिनं पिशवी उचलली, पाय आत ठेवला, आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. "मला बी कावळ्याबिवळ्याचं कळतं रे, दवाखान्यात रोज मानसं जातेत. पन नऊ वर्षं मी एकच धरून बसले होते, की तोंडानं न्हाई तं न्हाई, मनात तं दादा माझं नाव घेत आसतील. आज तिकडं वळणावर कोनी माझं नाव घेतलं न्हाई, अन् कावळा लगेच शिवला. सगळ्या गावानं पाह्यलं."