फावडं आडवं धरणारी लीदबाई

तुम्ही कधी लीद उचलली आहे का? खोटं बोलू नका. पोनीच्या पाठीवर बसून फोटो काढले असतील, आयाळ कुरवाळली असेल. पण पोनीने शेपूट वर केली की चार पावलं मागे सरकला असाल. मग लीदबाईची गोष्ट तुम्ही ऐकलीच पाहिजे.

तलावाकाठच्या स्टँडवर मुलांना पोनीवरून फेरी मारून आणणं हा तिचा धंदा. वडिलांकडून आलेला, भावासोबत सामाईक. मागच्या गल्लीत तबेला, माडीवर दोन खोल्यांत ती, भाऊ आणि वहिनी. खोगिरांचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. तबेल्यात तीन पोनी, पण घर चालायचं ते ठिपकीवर. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली ही शहाणी घोडी रडणाऱ्या पोरालाही पाठीवर गप्प करायची.

तीच ठिपकी खंगायला लागली. बरगड्या मोजून घ्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. खरारा कितीही करा, अंगावरचे केस राठच. जंतांचं औषध तर नेहमी देत होते. तरी पुन्हा तेच.

भाऊ म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक बघतो. उभी आहे तोवर विकून टाकू."

"तुझी बायको बारीक झाली तर तिलाही विकशील?"

"अहो, मला कशाला मध्ये ओढता?" माडीवरून वहिनी ओरडली. "आणि मी कुठे बारीक आहे?"

भाऊ हसला, पण त्याने ऐकलं नाही. हंगाम सुरू व्हायच्या आत घोडीने उभारी धरली नाही तर ती जाणार, असं त्याने सांगूनच टाकलं.

ती ठिपकीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी घोडी तपासली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "लीद कुठे टाकता?"

"कुरणात!" तिने छाती फुगवून सांगितलं. स्टँडवाल्यांची ती जुनी रीतच. सकाळी तबेले झाडायचे, लीद गाड्यात भरायची आणि सगळ्यांच्या सामाईक कुरणात पसरायची. "गवत कसं तरारतं, एकदा येऊन बघा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "जंतांची अंडी लिदीतून बाहेर पडतात. त्यातून अळ्या निघतात आणि ओलाव्याला गवताच्या पात्यावर चढून बसतात. घोडी ते गवत खाते. औषधाने तुम्ही पोट रिकामं करता आणि कुरणात पुन्हा भरता."

"म्हणजे मीच तिला जंत चारतेय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"झालंय तसंच ना?" तिने दात आवळले. राग डॉक्टरबाईंवर नव्हता, त्या तरारलेल्या गवतावर होता.

दुसऱ्या सकाळी ती फावडं आणि घमेलं घेऊन कुरणात उतरली. स्वतःच्या पोनींची लीद उचलली, दुसऱ्यांच्या पोनींचीही उचलली आणि कुंपणाबाहेर लांब ढीग घातला. तिथे ती तापून कुजेल आणि अळ्या मरतील, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. स्टँडवर हसण्याची लाट आली.

"काय गं, पोनी विकून आता लिदीचा धंदा का?" स्टँडचा मुकादम म्हणाला. "ए, लीदबाई आली, वाट द्या!"

नाव चिकटलं ते चिकटलंच. नावाचं तिला काही वाटत नव्हतं. ती पुढे उचलायची आणि मागून मुकादमाचा गाडा ताजी लीद पसरत यायचा, त्याने मात्र तिचं डोकं फिरलं. एका सकाळी ती कुरणाच्या फाटकात फावडं आडवं धरून उभी राहिली.

"एक गाडा आत जाणार नाही."

"कुरण तुझ्या बापाचं आहे?"

"तुझ्याही नाही. सगळ्यांचं आहे, म्हणून अडवतेय."

मुकादमाने आपला तांबडा पोनी पुढे ओढला. अंग असं तुकतुकीत की तोंड दिसावं. "हे बघ. जंत असते तर हा असा दिसला असता? तुझी घोडीच पाप्याचं पितर. तिचं खापर आमच्या लिदीवर फोडू नकोस."

"मग दे त्याची लीद, तपासून आणू. स्वच्छ निघाली तर तुझा तबेला मी जन्मभर झाडीन. नाही निघाली तर फावडं तू धरायचंस. बोल, आहे हिंमत?"

सगळा स्टँड गोळा झाला होता. एवढ्या लोकांसमोर मुकादम माघार घेणार? "धरली पैज!"

तांबड्याची लीद घेऊन दोघंही दवाखान्यात गेली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मुकादम बराच वेळ वाकून राहिला. काचेखाली अंडीच अंडी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंगावरून कळत नाही. धडधाकट घोडाही अंडी पेरत हिंडतो." मुकादमाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

पण गडी शब्दाचा पक्का. सकाळी आजूबाजूला कोण बघतंय याचा अंदाज घेत तो फावडं खांद्यावर टाकून कुरणात आला. लीदबाईच्या जिभेवर काय काय आलं असेल! तिने सगळं गिळलं आणि एवढंच म्हणाली, "त्या कोपऱ्यातली राहिलीय."

मुकादम वाकला म्हटल्यावर बाकीचे कशाला ताठ राहतील? लीद तपासून ज्याला औषधाची गरज त्यालाच ते द्यायचं ठरलं, तेही अंदाजाने नाही, छातीभोवती टेप लावून वजन काढून. तोंडात गवताचा घास नाही ना हे बघून, औषधाच्या पेस्टची नळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सारून, पेस्ट जिभेच्या मुळाशी. मग गिळेपर्यंत डोकं वर. पूर्वी निम्मी पेस्ट घासाबरोबर थुंकली जायची आणि "दिलं औषध" म्हणून सगळे मोकळे! अर्धं कुरण बंद ठेवून त्याला विश्रांती दिली. काही दिवसांनी पुन्हा लीद तपासली. ठिपकीच्या लिदीत अंडं शोधून सापडेना.

पोट आत गेलं, पाठ भरली, राठ केस झडून खाली ठिपके चमकले. हंगामाच्या तोंडावर भावाने सांगून ठेवलेलं गिऱ्हाईक तबेल्यात उभं राहिलं. घोडीभोवती फिरलं, दात पाहिले, खुशीत मान हलवली.

लीदबाई खरारा हातात घट्ट धरून भावाकडे बघत राहिली. आता तोंड उघडलं तर भांडणच होणार होतं.

भाऊ गिऱ्हाइकाला म्हणाला, "घोडी विकायची नाही."

"अहो, तुम्हीच तर बोलावलंत!"

"तेव्हा ती आमच्या दोघांची होती. आता ती लीदबाईची आहे."

ज्या नावाने स्टँड हसला होता, ते नाव भावाने ताठ मानेने घेतलं. माडीवरून वहिनीने टाळी वाजवली. लीदबाईने तोंड फिरवलं आणि घोडीच्या पाठीवर खरारा असा चालवला की धुळीने गिऱ्हाईक शिंकत बाहेर पडलं.

आजही कोणी लीदबाई म्हटलं की ती "ओ" देते, मान वर करून. मुकादम तर नव्या पोनीवाल्याला आधी तिच्याकडेच पाठवतो.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. पुढच्या वेळी कुठेही पोराला पोनीवर बसवाल, तेव्हा पोनीवाल्याला आधी विचारा, "दादा, लीद कुठे टाकता?" आणि नीट उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.