आंतोन मास्तरांच्या शेजारची खाट

आमचे भाईमामा बसून झोपायचे. तोंडवलीला ते माझ्याकडेच राहत. गादी घातली तर आरामखुर्चीतूनच म्हणायचे, "आडवो पडता तो आळशी. तुझ्यासारखो." माझं पोट बघता वाद घालण्यात अर्थ नव्हता. पाय सुजून चपलेत मावेनात, तर दोष चपलेला. "बाजारातलो माल! दोन दिवसांत आटता मेलो."

शेवटी न्हाणीघरापर्यंत जातानाच धाप लागली, तेव्हा त्यांना मालवणच्या इस्पितळात घातलं. वॉर्डात बघतो तर सगळेच बसून झोपलेले, सगळ्यांचेच पाय सुजलेले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं, आडवं पडलं की दम लागतो. लघवीची गोळी चुकवू नका. मीठ, पाणी बेतानं. सुकी मासळी बंद."

मामांना आजारापेक्षा संगतीचाच अपमान वाटला. "ह्या सगळ्यांका आणि माका एकच रोग? माझो वेगळो असतलो. नीट बघा."

शेजारच्या खाटेवर वेंगुर्ल्याचे आंतोन मास्तर होते. गोळी दिली की गिळत, अळणी पेज "बरी आसा" म्हणून संपवत.

"बघ रे," मामा त्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "जल्मभर पोरांका उठाबशा काढूक लावल्यान, आता स्वतः काढता."

मास्तर हसत. "जगूक होया मा, भाई?"

"कित्याक? अळणी खावक?"

मी मामांना हात जोडले. "मास्तरांसारखं वागा ना."

"मगे त्याकाच मामा म्हण."

सूज जरा उतरताच मामा सही करून घरी आले. गोळी बंद. "गोळी ती काय? हवालदार! बसूक देणा नाय." मी सुका बांगडा देईना, म्हणून शेजारणीकडून भाजून घेतला. पुन्हा सुजले. या वेळी मालवणला पोचण्याआधी गाडीतच गेले. शेवटचं बोलले तेही ड्रायव्हरला, "बैल हाकतंस काय रे?"

बाराव्याला आंतोन मास्तर आले. एसटीतून उतरून आमची चढण चालत, हातात केळ्यांची फणी, श्वास अगदी शांत.

"वायट झाला," ते म्हणाले. "भाई असतो तर माका हसलो असतो."

मी चहा विचारला.

"अर्धोच कप. पाणी बेतान घेवचा लागता."

मी आत जाऊन अर्धा कप ओतला. एवढा आज्ञाधारक माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याचा मला इतका तिरस्कार वाटला की तो कप बशीत सरळ ठेवता येईना.