वांग्यांपाशी आलेला नीळकंठ

आमच्या शेजारचा फोटोग्राफर लग्नसराईत जळगावभर नवरा-नवरीला ‘जरा हसा’ म्हणत फिरतो आणि रिकामा दिवस मिळाला की पाखरांमागे जातो. “पाखरं पोटाला घालतात का?” त्याची बायको विचारते. तो मान डोलावतो, जणू त्यालाही तेच वाटतं.

हिवाळ्यात आमची दोन्ही घरं रावेरजवळच्या शेतात भरीत पार्टीला गेली. पेटवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांवरची वांगी उलटायला बायकोनं त्यालाच बसवलं होतं. तेवढ्यात समोरच्या खुंटावर नीळकंठ येऊन बसला. कॅमेरा त्याच्या गळ्यातच होता. मला वाटलं, आता हा वांगी सोडून पळणार. त्यानं मात्र बायकोचं मनगट धरलं.

“हालू नको. तठे देख.”

निळे पंख पसरून पाखरू उडेपर्यंत दोघं बघत राहिली. वांग्यांचा कोळसा झाला होता.

“परत येईल का तो?” एवढंच तिनं विचारलं.